बोसन

हार्टलपूलमधल्या त्या घरी मी पावणेआठला पोचते.
चाळीस मिनिटं मिळतात:
गोळ्या, लापशी, पायमोजे, दाढी,
आणि दाराशी टांगलेल्या फायलीत सही.
फायलीत तिच्यासाठी एकच ओळ:
घरात प्राणी? एक. धोका? नाही.

नॉर्मन थर्लवेल, वय एक्क्याण्णव,
एके काळी मालवाहू जहाजावर स्ट्यूअर्ड.
खिडकीशी पिंजरा, दार कायम उघडं,
आणि पिंजऱ्याच्या टपावर बोसन.
पाठ चुलीतल्या राखेची,
पोट लाल पेरूच्या गराचं.

मी म्हणाले, आमच्याकडे याला काकाकुवा म्हणतात.
शब्द त्यांना इतका आवडला
की दोन दिवस मध्येच म्हणत राहिले, काकाकुवा.
कवळी काढलेली असली की फारच छान जमायचा.

फ्रीमँटलच्या धक्क्यावर एका पोराकडून घेतली,
सिगारेटची दोन पाकिटं देऊन.
निलगिरीच्या ढोलीतून ओढून काढलेलं पिल्लू,
अंगावर पिसांची नुसती खुंटं.
चहाच्या खोक्यात बसून तिनं अर्धी पृथ्वी ओलांडली.
ओरडायची बोसनसारखी, म्हणून बोसन.
चाळिसाव्या वर्षी अंडं घातलं
तेव्हा कळलं, बाई आहे.
नाव बदललं नाही.
"इतक्या वर्षांनी काय बदलायचं," म्हणतात.

रानातले तिचे भाऊबंद त्यांनी एकदाच पाहिले,
सुट्टी काढून आतल्या गव्हाच्या मुलखात गेले होते तेव्हा.
पाचसहाशे असतील.
आभाळभर राखाडी, म्हणाले,
आणि मग सगळ्यांनी मिळून वळण घेतलं.
पुढं शब्द नाही.
नुसता हात पुढे करतात
आणि पालथ्याचा उताणा करतात.

"आणि खाली शेतकरी, बंदुका घेऊन."
का, ते मी विचारलं नाही.
मला कोण सांगतंय!
मंगळवेढ्याच्या काळ्या रानात
आठवीपर्यंत मीही माळ्यावर उभी असायचे,
ज्वारी हुरड्यात आली की.
गोफण फिरवायची, हाऽऽहो करायचं,
दिवस कलेपर्यंत घसा बसलेला.
एकदा एक साळुंकी पडली.
नेम धरला नव्हता. लागला.
हातात घेतली तेव्हा ती
माझ्या हाताहून गरम होती.
घरी सांगितलं नाही. इथंही
आजच सांगतेय.

पाखरांच्या डॉक्टरनं सूर्यफुलाच्या बिया बंद केल्यात,
यकृतावर चरबी चढलीय म्हणे.
म्हणून मिडल्सबरोच्या दुकानातून
मी ज्वारीची पिशवी आणली,
चार दाणे तळहातावर धरले.
तुरा उभा राहिला.
काळी, आखूड जीभ,
दाणा फिरवून फिरवून पाहणारी.
दोन खाल्ले, दोन गालिच्यावर फेकले.
सांडणं हा पाखराचा धर्मच,
मंगळवेढ्यात काय नि इथं काय.

मग दाणा संपल्यावर
अंगठ्याजवळ कडाडून चावली.
नॉर्मन इतके हसले की खोकला लागला,
पाणी द्यावं लागलं.

ती उडत नाही. विसरली
की कधी शिकलीच नाही, त्यांनाही ठाऊक नाही.
छपरावरून समुद्रपक्षी ओरडत गेले
की मान तेवढी तिरकी करते
आणि वेगळंच काहीतरी बोलते,
जे या घरात तिला कोणी शिकवलेलं नाही.

"ही अजून बरीच वर्षं जगेल," ते म्हणतात,
मोज्यात पाय घालता घालता,
जणू हवामानाबद्दल बोलताहेत.
मी दुसरा मोजा शोधते.
तो पिंजऱ्याखाली सापडतो, कुरतडलेला.

आठ पंचवीस. अंगठ्याला पट्टी.
फाईल उघडून
"नाही" खोडलं,
शेजारी लिहिलं: चावते.
मग पेन तसंच धरून थोडा वेळ उभी राहिले,
एवढ्याशा रकान्यात
आणखी काही बसेल का, ते बघत.